मास्तर, ते अर्धं पान काढा

(आलेलं पत्र, थोडं कमी करून आणि ओळख पटेल असे तपशील वगळून)

बाई, नमस्कार.

मी परभणी जिल्ह्यात, जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या पट्ट्यात, जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक आहे. कथा लिहितो. दिवाळी अंकांत छापून येतात. गणपतीत, व्याख्यानमालांत कथाकथनालाही बोलावतात. गेल्या दिवाळीला माझी एक कथा आली. दोन भाऊ, मधे बांध. मोठा दर नांगरटीला बांध कोरतो. मोजणी होते, चार माणसं बसतात, उपयोग शून्य. शेवटी धाकटा मोठ्याचा उभा ऊस पेटवतो, आणि तोही असा की आग लागते तेव्हा हा गावात चारचौघांत बसलेला असतो. दोष विजेच्या तारांवर जातो. त्या रात्री धाकट्याला कित्येक वर्षांनी गाढ झोप लागते. कथाकथनात ही कथा फार चालायची. त्या युक्तीपाशी हमखास टाळ्या पडायच्या.

फेब्रुवारीत शेजारच्या गावात एका तरण्या पोरानं चुलत्याचा ऊस पेटवला. अगदी तसाच. वारं फिरलं आणि आग ऊस तोडणाऱ्या मजुरांच्या कोप्यांवर, म्हणजे झोपड्यांवर गेली. टोळी धारूरकडची होती. एक बैल गेला. एक बाई लेकराला काढायला आत शिरली. लेकरू वाचलं, तिचे दोन्ही हात भाजले. पोरगं पोलिसांत म्हणालं, ‘मास्तरच्या गोष्टीत हाय तसंच केलं.’ त्याचा चुलता शाळेच्या दारात येऊन म्हणाला, ‘मास्तर, लेकरायला हेच शिकविता का?’ वर्ग भरलेला होता.

मित्र म्हणतात, कला वेगळी, गुन्हा वेगळा. वकील मित्र म्हणतो, तोंडच उघडू नको. बायको म्हणते, ती कथा फाडून टाका. माझा संग्रह निघतोय, त्यात हीच कथा पहिली आहे, प्रुफं टेबलावर पडून आहेत. मी दोषी आहे का? कथा काढून टाकू का? लिहिणंच सोडू? त्या बाईला भेटायला जावं का? माझी आधीची एक कथा वाचून वसमतच्या एका वाचकानं वर्षानुवर्षं अबोला धरलेल्या भावाला फोन केला, असं पत्र आलं होतं. ते जपून ठेवलंय. हल्ली ते बघवत नाही.

– गोदाकाठचा एक कथाकार

*

मास्तर,

तुमचं पत्र आल्यावर आधी तो दिवाळी अंक मिळवला. कथा न वाचता तुम्हाला उत्तर देणं म्हणजे पेशंट न बघता गोळ्या लिहून देणं. उशीर झाला तो त्यामुळे.

कथा चांगली आहे, हे आधीच सांगून टाकते. तुमच्या मित्रांना वाटतं त्यापेक्षाही चांगली आहे, आणि भलत्याच जागी चांगली आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं गाव जळालेल्या फडात जमतं. काळी पडलेली कांडकी, पायाखाली राख, हवेत काकवी उतू गेल्यासारखा वास. मोठा भाऊ चिटबॉयच्या, म्हणजे तोडणीची पाळी बघणाऱ्या कारखान्याच्या माणसाच्या मागे लागलेला, की बाबा, जळीत उसाला कपात लागायची ती लागू दे, पण टोळी आज दे, उद्यापर्यंत वजन राहणार नाही. चिटबॉय फोनवर बोलत पुढे जातो. मोठा मागे वळतो, धाकट्याच्या खांद्यावर हात ठेवतो आणि म्हणतो, ‘तू हायस म्हनून उभा हाव बग.’ धाकटा काहीच बोलत नाही. हा परिच्छेद वाचून मी अंक खाली ठेवला आणि जरा वेळ तशीच बसले.

आता तुमच्या पत्रातला कथेचा सारांश पुन्हा वाचा. बांध आहे, मोजणी आहे, युक्ती आहे, तारांवर गेलेला दोष आहे, गाढ झोप आहे. खांद्यावरचा तो हात नाही. स्वतःच्या कथेतली सगळ्यात मोठी जागा तुम्हीच विसरलात आणि युक्ती तेवढी लक्षात ठेवलीत. त्या पोरानंही तेच केलं. टाळ्या वाजवणाऱ्यांनीही तेच केलं.

म्हणून तुमच्या ‘मी दोषी आहे का’ या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देणार नाही. दोष कशाचा, हे आधी ठरवू.

कायद्याचं लवकर आटपते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या ४५व्या कलमात अपप्रेरणा म्हणजे काय ते दिलंय. चिथावणी दिली, कटात सामील झालात किंवा जाणूनबुजून मदत केलीत, तर तुम्ही गुंतलात. कथा लिहून दिवाळी अंकात छापणं यातल्या कशातच बसत नाही. पोलिसांनी जबाबाला बोलावलंच, तर जा, कथा तुमची आहे हे सांगा आणि परत या. तोंड उघडू नको म्हणणारा वकील वकिलाच्या जागी बरोबर आहे, पण तुमचा प्रश्न त्याच्या टेबलावरचा नाही, आणि हे तुम्हालाही कळतं, नाहीतर पत्र मला लिहिलं नसतं.

दिवाळी अंकातल्या कथेवरून लेखक कोर्टात गेल्याचं उदाहरण आपल्याकडे आहेच. चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ ही कथा १९६२ च्या ‘रंभा’च्या दिवाळी अंकात आली आणि अश्लीलतेचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९६९ मध्ये ते सुटले. प्रश्न वेगळा होता, पण न्यायालयाचं एक म्हणणं तुमच्या कामाचं आहे. लिखाणाचा परिणाम बघायचा तर तो एखाददुसऱ्या माणसावर काय झाला हे बघून चालत नाही. ज्या वर्गाच्या हाती ते पडतं, त्या वर्गाचा विचार करावा लागतो. कोवळ्या पोरांच्या हाती पडेल म्हणून सगळ्यांनीच भीत भीत लिहायचं ठरवलं, तर त्या पोरांना धार्मिक पुस्तकांशिवाय वाचायला काही उरणार नाही, असंही त्यात होतं. मला हे पटतं. तुमची कथा शेकडो लोकांनी वाचली, ऐकली. ऊस एकानं पेटवला. त्याच्या घरी भांडण होतं, चुलत्याशी वाकडं होतं, काडेपेटी त्याच्या खिशात होती. पाटी-पेन्सिल तुमची असली तरी अक्षर त्याचं आहे.

इथपर्यंत तुमच्या मित्रांशी माझं जुळतं. पुढे नाही.

तुमच्या मित्रांना एवढंच विचारा की वसमतच्या त्या पत्राचं काय करायचं? एका माणसानं तुमची कथा वाचून भावाला फोन केला, तेव्हा ‘कला वेगळी, आयुष्य वेगळं’ असं कुणी म्हणालं नसेल. तुम्ही पत्र जपून ठेवलंत. मीही ठेवलं असतं. पण मग साहित्यानं माणूस बदलतो हे चांगल्या वेळी मान्य आणि वाईट वेळी अमान्य, असं करता येत नाही. त्या फोनमध्ये तुमचा जितका वाटा होता, या आगीतही साधारण तितकाच आहे. म्हणजे थोडका. फोन केला त्यानं, आग लावली यानं. वसमतच्या माणसाचं श्रेय सगळं तुमचं नाही आणि या पोराचं पाप सगळं तुमचं नाही, पण दोन्हीकडे तुमची काही ना काही वस्तू वापरली गेली. ती कोणती, हे बघणं तुमचं काम.

ती वस्तू म्हणजे तुमच्या कथेतलं ते अर्धं पान. युक्ती काय आहे ते मी इथे छापत नाही. अंक ज्यांनी वाचला त्यांना माहीत आहे, इतरांना माहीत नसलं तर काही बिघडत नाही. पण मास्तर, ते अर्धं पान म्हणजे कृती आहे. काय घ्यायचं, किती वेळाचं गणित, कुठे ठेवायचं, पाचट कसं लागतं, मागे काय उरत नाही. कथेतून ते पान जसंच्या तसं उचलून दुसऱ्या माणसाच्या शेतात नेता येतं आणि तिथे ते चालतं. चाललंच.

हे सगळं फोनवर शोधलं तरी सापडतं, असं तुम्हाला कुणीतरी सांगितलं असेल. सापडतही असेल. पण कुठेतरी पडलेली माहिती वेगळी, आणि आपल्याच कालव्यावरचा, आपल्याच बोलीत बोलणारा, आपल्यासारखाच नाडलेला माणूस ते करतो आणि निवांत झोपतो, हे वेगळं. माहितीला माणूस चिकटवायचं काम आपण लेखक करतो. तीच तर आपली सगळी मिजास.

जगात हा प्रश्न जुना आहे. जर्मन लेखक गटेची ‘वेर्थर’ १७७४ मध्ये आली. प्रेमभंगानं जीव देणाऱ्या तरुणाची ती कादंबरी. पोरं नायकासारखा निळा कोट आणि पिवळं जाकीट घालून फिरायला लागली, काही मृत्यूंशी पुस्तकाचं नाव जोडलं गेलं, आणि १७७५ मध्ये लाइपझिग शहरानं पुस्तकावर बंदी आणली, त्या पोशाखावरही आणली. पोशाखावर बंदी घालून कुणाचा जीव वाचतो, हे मला अजून कळलेलं नाही. पण त्याच वर्षीच्या नव्या आवृत्तीत गटेनं स्वतः चार ओळी घातल्या, त्यात नायकच वाचकाला म्हणतो की माझ्या मागे येऊ नकोस. पुढे त्या ओळी काढल्या. मला तो उपाय कधीच पटला नाही. बिडीच्या बंडलावरचं चित्र बघून कोण थांबतं?

अमेरिकन कादंबरीकार स्टीफन किंग यांचं मात्र पटतं, निदान बरंचसं. शाळेत बंदूक घेऊन जाणाऱ्या मुलाची त्यांची एक कादंबरी १९७७ मध्ये टोपणनावानं आली होती. ‘रेज’ तिचं नाव. डिसेंबर १९९७ मध्ये अमेरिकेत केंटकी राज्यातल्या एका शाळेत एका मुलानं गोळ्या झाडल्या, तीन मुली गेल्या, आणि मुलाच्या लॉकरमध्ये ते पुस्तक निघालं. किंगनी प्रकाशकाला सांगून पुस्तक कायमचं बंद केलं. कुणी खटला भरला नव्हता, कायद्याची सक्ती नव्हती. पुढे २०१३ मध्ये त्यांनी यावर सविस्तर लिहिलं. ही मुलं आधीच आतून मोडलेली होती, पुस्तकानं त्यांना खुनी बनवलं नाही, पण पेटलेल्यावर तेल पडलं असावं, आणि तेल आपलं आहे असं वाटल्यावर ते उचलून घेणं एवढंच हातात होतं, असा त्यांचा सूर आहे. माफीनामा लिहिला नाही, छातीही बडवली नाही. पुस्तक काढून घेतलं आणि पुढचं लिहायला बसले.

अमेरिकेतलंच दुसरं प्रकरण तुमच्या अर्ध्या पानाच्या जास्त जवळचं आहे. १९८३ मध्ये भाडोत्री खुन्यांसाठी मार्गदर्शक म्हणून ‘हिट मॅन’ नावाचं पुस्तक निघालं. मूळ ती कादंबरी म्हणून लिहायला घेतली होती, असं सांगतात. १९९३ मध्ये त्यातल्या सूचना पाळून एका माणसानं मेरीलँड राज्यात तीन खून केले. नातेवाइकांनी प्रकाशकावर दावा लावला. लिहिण्याच्या स्वातंत्र्याच्या आड लपून हा दावा टाळता येणार नाही, असं वरच्या न्यायालयानं १९९७ मध्ये सांगितलं. १९९९ मध्ये प्रकाशकानं तडजोड करून पैसे मोजले आणि पुस्तकाची विक्री बंद केली. खून दाखवणाऱ्या हजारो कादंबऱ्यांना त्या देशात कुणी हात लावत नाही. हे पुस्तक अडकलं, कारण त्यात गोष्टच उरली नव्हती, नुसती कृती उरली होती. तुमच्या कथेत गोष्ट भरपूर आहे, पण त्या अर्ध्या पानापुरती ती थांबते. तिथे धाकटा दिसत नाही, त्याचा श्वास ऐकू येत नाही, आई आठवत नाही. दिसतो तो फक्त लेखक, आपल्याला काय काय माहीत आहे ते दाखवणारा. टाळ्या तिथे पडायच्या म्हणालात ना? त्या धाकट्याला नव्हत्या.

म्हणजे वाईट माणसाच्या मनात शिरू नये, असं मी म्हणत नाही. तसं म्हटलं तर आपल्या पैठणच्या नाथांनाच आधी उभं करावं लागेल. ‘सत्वर पाव गे मला’ म्हणणारी त्यांची ती सून भवानीआईकडे काय काय मागते आठवा. सासरा गावाला गेलाय, त्याला तिकडेच खपव. सासू जाच करते, तिला लवकर घेऊन जा. असं एकेक माणूस निपटत शेवटी, सगळेच जाऊ देत, मला एकटीला राहू दे. नाथ १५९९ मध्ये गेले. तेव्हापासून यात्रांत, सप्त्यांत, शाळेच्या गॅदरिंगमध्ये हे भारूड चालू आहे, आणि ज्यांना ती उडवायला निघाली आहे त्या सासवाच पुढच्या रांगेत बसून पदराआडून हसतात. सगळ्या सासरचा निकाल लावायची इच्छा नाथांनी काही लपवली नाही. अध्यात्माचा अर्थ आत आहेच, पण वरची ती इच्छासुद्धा खरीखुरी, घराघरातली आहे. भारुडात इच्छा सगळी आहे आणि कृती एकही नाही. ते म्हणून कुणी सासूला मारायला शिकत नाही. उलट मनात काय काय साठलंय हे चारचौघांत म्हणता येतं, त्यानं जरा हलकंच वाटतं. धाकट्याच्या मनातली आग तुम्ही पूर्ण दाखवा, मला अजून हवी आहे. ती काडी कशी टिकवायची, हे मला नको आहे.

याहून मोठी गोष्ट अजून सांगायची आहे, आणि ती युक्तीपेक्षा जास्त बोचेल.

तुमच्या कथेत आग बांधापाशी थांबते. मोठ्याचा पाच एकर जळतो आणि मधल्या बांधाशी येऊन आग शहाण्या पोरासारखी विझते, धाकट्याचं पाचटसुद्धा धरत नाही. मी माहेरी गोदाकाठचे फड बघितलेले आहेत. उभ्या उसाला लागलेली आग लांबून फटाक्यांची माळ लावल्यासारखी ऐकू येते, आणि वारं जिकडे जाईल तिकडे ती जाते. जळतं पाचट उडून दुसऱ्या शेतात पडतं. ट्रॅक्टर आणून मधे पट्टा नांगरेपर्यंत जे जायचं ते गेलेलं असतं. हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तरी तुमच्या कथेतल्या आगीनं सातबारा वाचलेला दिसतो.

आणि दुसरं. कथा ऐन गळीत हंगामात घडते. उभा ऊस आहे, तोडणीची वाट बघणं आहे, चिटबॉय आहे. पण तोडवाले कुठे आहेत? मी पुन्हा पहिल्या पानापासून शोधलं. फडाच्या कडेला कोप्या नाहीत, टायरगाड्या नाहीत, बैलं नाहीत, पहाटेच्या थंडीत चूल फुंकणारी बाई नाही, पाचटावर निजवलेलं लेकरू नाही. आपल्या भागात हंगामात यांच्याशिवाय फड दिसतच नाही. ती माणसं तुम्ही कथेतून वगळलीत, ठरवून नसेल, पण वगळलीत. कारण ती असती तर धाकट्याला ऊस पेटवण्याआधी कोप्यांकडे एकदा बघावं लागलं असतं, आणि युक्ती इतकी सुबक जमली नसती.

त्या पोराला तुमच्याकडून दोन गोष्टी मिळाल्या. पेटवायचं कसं हे तंतोतंत खरं, आणि पेटल्यावर काय होतं हे साफ खोटं. भाजली ती नेमकी तीच माणसं, ज्यांना तुमच्या कथेत जागा नव्हती. मास्तर, दोष विचारत होतात ना, तो मला इथे दिसतो. गुन्ह्याची गोष्ट लिहिली याचा दोष नाही, गुन्हेगार सुटला याचाही नाही. आग तुमचं ऐकते असं तुम्ही दाखवलंत. ही लेखनातली चूक आहे, आणि ती कुणीही ऊस पेटवला नसता तरी चूकच राहिली असती.

आता प्रुफांचं. कथा ठेवा, ते अर्धं पान काढा. तिथे एक वाक्य पुरतं. मारुतीच्या पारावर बसलेल्या धाकट्याला आभाळ लाल झालेलं दिसतं आणि इतरांच्या आधी तोच उठून ओरडतो, अशा अर्थाचं काहीतरी. त्यानंच लावली हे वाचकाला कळतं, कशी लावली हे विचारायची गरजही पडत नाही. हे वाक्य माझ्या हातचं आहे, तुमचं तुम्ही लिहा. मग आगीला आगीसारखं वागू द्या. ती बांध ओलांडेल का, कुठे जाईल, हे तुम्ही वाऱ्यावर सोडा, खरोखरच. धाकट्याची गाढ झोप त्यानंतर टिकते का ते बघा. टिकली तर टिकू दे. शेवटी पोलीस आणू नका, पश्चात्ताप आणू नका. गुन्हेगार सुटतो हे लोकांना आवडणार नाही, तुमचा मुख्याध्यापक म्हणेल शेवट बोधप्रद करा. करू नका. आपल्याकडे ऊस पेटवणारे बहुतेक वेळा सुटतात, हे खरं आहे आणि ते लिहिलं पाहिजे. तहसीलदाराकडे रस्त्याचा अर्ज कसा करावा, सलोखा योजनेत एकमेकांच्या ताब्यातली जमीन हजार रुपये मुद्रांक आणि हजार रुपये नोंदणी फीवर कशी नावावर करून घ्यावी, हे तुम्ही चुलत्याला आणि गावातल्या इतर बांधकरी भावांना जरूर सांगा. फक्त धाकट्याच्या तोंडी घालू नका. कथेतलं पात्र शासकीय योजना बोलायला लागलं की वाचक उठून जातो.

किंगसारखी अख्खी कथा मागे घ्यावी का? त्यांची ती पूर्ण कादंबरीच त्या मुलाच्या बाजूनं, त्याच्या डोक्यातून बोलते. त्यातलं एक पान काढून भागलं नसतं. तुमचं भागतं. पण संग्रहात ती पहिली ठेवू नका. प्रकाशकाला कारण सांगा. ‘एका सत्य घटनेला कारणीभूत ठरलेली कथा’ असं काही मलपृष्ठावर छापायचा मोह त्याला होऊ शकतो, तो आधीच मोडून काढा. आणि तुम्ही स्वतःही सुरुवातीला पश्चात्तापाचं मनोगत लिहू नका. अशा मनोगतात लेखकच मोठा होतो. दिवाळी अंक विकले गेले, ते परत येणार नाहीत. पण त्याची पीडीएफ ग्रुपांवर फिरत असेल तर संपादकांना सांगून तुमची पानं बदलून घ्या, आणि कथाकथनात ती कथा निदान वर्षभर तरी नको. तिला टाळ्यांची सवय लागलेली आहे.

लिहिणं सोडायचा प्रश्न मी वाचला आणि पुढे गेले.

त्या पोराबद्दल तुम्ही फार लिहिलेलं नाही. त्याच्यावर खटला चालेल, आगीचं कलम साधं नाही, वर्षं जातील. त्याच्या बाजूनं ‘माझ्या कथेमुळे’ असा जबाब द्यायला धावू नका, त्यानं त्याचं भलं होणार नाही. जामिनावर सुटून आला आणि भेटला, तर मात्र तोंड चुकवून जाऊ नका.

त्या बाईकडे जा. एकटे जा, किंवा बायकोला घेऊन जा, ते जास्त बरं. पण कशासाठी जाताय ते आधी स्वतःशी ठरवा. माफी मागायला जात असाल तर थांबा. तिनं तुमची कथा वाचलेली नाही, बहुधा कधी वाचणारही नाही. तिच्यासमोर बसून ‘माझ्या गोष्टीमुळे झालं’ म्हणालात, तर एका अनोळखी मास्तरचं समाधान करायचं काम त्या भाजलेल्या बाईवर येईल. ती म्हणेल, ‘जाऊ द्या सर, नशिबातच हुतं.’ तुम्ही हलके होऊन घरी याल, आणि तिचं काय?

तिच्यापुढचे प्रश्न वेगळे आहेत. जोडप्याचा मिळून एक कोयता. तिचे हात गेले म्हणजे तो कोयता अर्धा झाला. बैल गेला म्हणजे गाडी थांबली. मुकादमाची उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, अंगावर घेतलेली असते, ती फिटलेली नसणार, आणि उचल फिटली नाही तर पुढच्या हंगामाला ती अंगावर घेऊनच निघायचं. दवाखान्याचा खर्च कुणी केला? बैलाचा पंचनामा झाला का, पशुवैद्यकाचा दाखला कुणाकडे आहे? गुन्हा नोंदवताना तिचं नाव जखमी म्हणून नीट आलंय का, की नुसता उसाचा मालक फिर्यादी आहे? ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं कल्याण महामंडळ आहे, त्यांच्याकडे आणि कारखान्याकडे मागणी करता येते, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळू शकतो. पण हे सगळं अर्जावर चालतं, आणि अर्ज लिहायला माणूस लागतो. तुम्हाला मराठी लिहिता येतं, बरं लिहिता येतं. मुद्देसूद, तारखा घालून, एकही विशेषण न वापरता अर्ज लिहा. प्रत्येकाची पोच घ्या, एक झेरॉक्स तिच्याकडे ठेवा. संग्रहाचं मानधन बैलासाठी द्यावंसं वाटलं तर द्या, पण गावात सांगू नका आणि पावती फाडल्यासारखं मन मोकळं करून घेऊ नका.

तुम्ही कोण, असं तिनं किंवा तिच्या माणसानं विचारलं तर खोटं बोलू नका. शेजारच्या गावचा मास्तर आहे, गोष्टी लिहितो, त्या पोरानं माझी गोष्ट वाचली होती, एवढं सांगा. ऐकून त्यांनी हाकललं तर उठा. अर्ज मागे ठेवून या.

आणि एक बजावते. तिला कथेत घालू नका. तुमच्या हाताला खाज सुटेल, मला माहीत आहे. त्या हातांच्या पट्ट्या, ते लेकरू, कोपीच्या जागी उरलेली राख, सगळं दिसेल आणि वाक्यं आपोआप जुळायला लागतील. कोपी आणि तोडवाले कथेत येऊ द्या, ते यायलाच हवेत. ही बाई नको. तिच्याकडून आधीच पुरेसं घेऊन झालंय.

हंगाम उरकला की टोळ्या परत फिरतात, म्हणजे आत्ता ती माणसं धारूरकडे आपल्या घरी असतील. दसरा झाला की पुन्हा निघतील, कुठल्या कारखान्याला ते मुकादम ठरवेल, आणि मग तुम्हाला सापडायची नाहीत. शाळेला सुट्ट्या लागल्या की लगेच जा. प्रुफं थांबतील.

– बाई